दुपारी साडेबारा ते तीन कुठे बसायचं?

गेल्या महिन्यात आईला घेऊन फोर्टात जावं लागलं. बाबांना जाऊन सात महिने झाले, त्यांची पेन्शन आईच्या नावावर करायची होती. कुठलं ऑफिस ते लिहीत नाही, कारण तक्रार त्या ऑफिसची नाहीये. साडेबाराला आमचा नंबर लागला. खिडकीतल्या बाईंनी कागद चाळले, एक झेरॉक्स कमी आहे म्हणाल्या, आणि "साहेबांची सही लागेल, साहेब तीनला येतील, तुम्ही तीनलाच या" असं म्हणून पुढच्या माणसाला हाक मारली. बोलणं उद्धट अजिबात नव्हतं. पण ऑफिसात बसायला चार खुर्च्या आणि त्या चारही भरलेल्या. बाहेर कॉरिडॉरमध्ये उभं राहायला वॉचमन देईना.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची. दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिलेला. घर मध्य रेल्वेवर, लोकलने सव्वा तास. जाऊन परत येणं शक्यच नाही. म्हणजे मुंबईतल्या सगळ्यात महागड्या जमिनीवर, भर दुपारी, अडीच तास काढायचे. कुठे?

हा प्रश्न तुम्हाला क्षुल्लक वाटत असेल तर एकदा सोबत म्हातारं माणूस घेऊन निघा आणि मग सांगा.

झेरॉक्सचं काम दहा मिनिटांत झालं. मग आधी एका उडप्याकडे गेलो. दोन कॉफ्या घेतल्या. खरं सांगायचं तर त्या कॉफ्या नव्हत्या, ते शौचालयाचं तिकीट होतं. बायकांना हे वेगळं सांगायला नको. कॉफी संपल्यावर पाच मिनिटांत पोऱ्या येऊन टेबल पुसायला लागला, दुसऱ्यांदा पुसलं, तिसऱ्यांदा पुसलं. त्याचंही बरोबर आहे, जेवणाची वेळ, बाहेर लोक उभे. उठलो. आई म्हणाली, "टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बसू." ती कॉलेजात असताना तिथे बसायची. पण त्या पायऱ्या आहेत तीस, आणि ऊन असं की दगडावर पापड भाजावा. मग समोरच्या बागेत शिरलो. हॉर्निमन सर्कल.

मी या बागेच्या भोवतीने शेकडो वेळा गेले असेन. आत गेल्याचं मात्र आठवत नाही. नोकरीच्या दिवसांत वेळ नव्हता आणि सुट्टीच्या दिवशी फोर्टात कोण येतं! कुंपणाच्या आत पाऊल टाकलं आणि आईने पहिलं वाक्य काय बोलावं? "इथे पैसे नाही ना गं घेत?"

नाही घेतले. कोणी काही विचारलंही नाही.

जेमतेम अडीच एकराची जागा असेल. गोल बाग, मधोमध कारंजं, आणि मोठी मोठी झाडं. बाहेर बसचे हॉर्न चालू होते, पण झाडांच्या आत ते दुसऱ्या कोणाच्या तरी घरात चाललेल्या भांडणासारखे वाटत होते. आवाज येतो, आपला संबंध नाही. एका बाकावर जागा मिळाली. आईने पाय लांब केले, चपला काढल्या, आणि पाच मिनिटं काहीच बोलली नाही. माझी आई पाच मिनिटं बोलली नाही हे ज्यांना ती माहीत आहे त्यांना किती मोठं आहे ते कळेल.

मी आजूबाजूला कोण बसलंय ते बघत बसले. एका बाकावर दोन शिपाई, युनिफॉर्मवर, डबा खात होते. एक मुलगा पांढरा शर्ट, नवीन बूट, हातात प्लास्टिकची फाइल, ओठ हलताहेत. इंटरव्ह्यू असणार, उत्तरं पाठ करत होता. डिलिव्हरीची तीन पोरं, पाठीवरच्या त्या चौकोनी पिशव्या उशाला घेऊन गवताच्या कडेला आडवी. एक बाई माझ्याच वयाची, एकटी, काही करत नव्हती. मोबाइलसुद्धा नाही. एक जोडपं, दोघंही पन्नाशीच्या पुढचे, हातात हॉस्पिटलची फाइल आणि एक्स-रेचं मोठं पाकीट. एक म्हातारे पारशी गृहस्थ पेपर वाचता वाचता झोपलेले.

यातला एकही माणूस 'बाग बघायला' आला नव्हता. जॉगिंगला तर नाहीच. हे सगळे म्हणजे दुपारी ज्यांना या शहरात जागा नाही असे लोक होते.

थोडा इतिहास सांगते, कारण तो मला नंतर घरी येऊन वाचताना फार लागला. ही जागा म्हणजे जुनं बॉम्बे ग्रीन, किल्ल्याच्या आतलं मोकळं मैदान. १८४२ नंतर त्याची पार कचराकुंडी झाली होती, नारळाच्या करवंट्यांचे ढीग पडलेले असायचे. चार्ल्स फॉर्जेट नावाचे पोलीस कमिशनर होते, त्यांच्या डोक्यातून इथे गोल बाग आणि भोवती एकसारख्या इमारती अशी कल्पना निघाली. लॉर्ड एल्फिन्स्टन आणि नंतर सर बार्टल फ्रिअर या दोन गव्हर्नरांनी ती उचलून धरली. भोवतालचे प्लॉट व्यापारी कंपन्यांना विकले. आणि मधली जागा ठेवली. बाग पूर्ण झाली १८७२ साली. नाव एल्फिन्स्टन सर्कल.

आता हे घडलं तो काळ बघा. १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध, तिकडचा कापूस बंद, मँचेस्टरला आपला कापूस हवा, आणि मुंबईत पैशाचा महापूर. शेअर आणि जमिनीचा असा सट्टा चाललेला की समुद्र बुजवायच्या कंपनीच्या शेअरवर लोक वेडे झाले होते आणि १८६५ मध्ये सगळं कोसळलं तेव्हा भलेभले रस्त्यावर आले. अशा दिवसांत, किल्ल्याच्या ऐन मध्यात, अडीच एकर 'नुसतीच' सोडली. आज तिथे ती जागा मोकळी असती तर आपण काय केलं असतं, ते मी सांगायला नको. खाली तीन मजली पार्किंग आणि वर 'थीम पार्क'. प्रवेश फी वेगळी.

साहेबांची आरती करत नाहीये. त्या बागेत तेव्हा बँड वाजायचा आणि तो कोणाच्या करमणुकीसाठी वाजायचा हेही मला माहीत आहे. पण एक गोष्ट त्यांना कळली होती की भोवती इमारती उभ्या राहिल्या तरी मध्ये श्वास घ्यायला जागा लागते. भोवतालच्या प्लॉटना भाव आला तो मधली जागा रिकामी होती म्हणूनच.

आणि 'रिकामं बसणं' म्हणजे काय, तेही इथेच बघा. याच टाउन हॉलसमोर वडाच्या झाडांखाली १८५० च्या दशकात शेअर दलाल जमायचे. ऑफिस नाही, खुर्ची नाही. झाडाखाली उभं राहून सौदे करायचे. पुढे १८७५ साली त्यांची संघटना झाली, तेच आजचं बॉम्बे स्टॉक एक्स्चेंज. म्हणजे ज्या दलाल स्ट्रीटचं आपण एवढं कौतुक करतो तो मुळात झाडाखाली फुकट उभं राहू दिलं म्हणून जन्माला आला. त्या काळी त्या झाडांना कुंपण घालून 'विनाकारण थांबू नये' अशी पाटी लावली असती तर?

स्वातंत्र्यानंतर बागेला नाव दिलं बेंजामिन हॉर्निमन यांचं. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक. इंग्रज माणूस, पण इंग्रज सरकारवर असा तुटून पडायचा की १९१९ मध्ये, जालियनवाला बागेच्या त्या दिवसांत, सरकारने त्याला उचलून बोटीवर घातलं आणि विलायतेला पाठवलं. तो १९२६ मध्ये परत आला. इथेच राहिला, १९४८ मध्ये गेला. इंग्रज गव्हर्नरचं नाव काढून दुसऱ्या इंग्रजाचं दिलं, पण कोणत्या, ते बघा. नामांतर करावं तर असं, असं मला तरी वाटतं.

असो. दीडच्या सुमाराला ऊन बाकावर आलं. आई म्हणाली, "ते चर्च दिसतंय ना, तिथे आत जाऊ देतात का आपल्याला?"

बागेच्या पश्चिमेला, हुतात्मा चौकाकडे जाणाऱ्या वीर नरिमन रोडवर सेंट थॉमस कॅथेड्रल आहे. चर्चगेट स्टेशन आपण रोज म्हणतो ना, ते गेट म्हणजे किल्ल्याचा जो दरवाजा या चर्चकडे यायचा तो. दरवाजा गेला, किल्ला गेला, चर्च आहे आणि स्टेशनच्या नावात गेट आहे. जुन्या मुंबईतले मैलाचे दगडही या चर्चपासून मोजलेले. म्हणजे मुंबईचा शून्य मैल इथे. मला हे बावन्नाव्या वर्षी कळलं, आणि मी मुंबईची आहे म्हणून मिरवत असते.

दारात आई थबकली. "चपला काढायच्या का?" मी म्हटलं, मला नाही वाटत. आतून एक गृहस्थ येत होते, त्यांनी हसून मान हलवली, नको म्हणाले, या आत. तरी आईने चपला काढल्याच आणि हातात धरल्या. मग त्या बाकाखाली ठेवल्या. देवाच्या दारात चपला घालून ती आयुष्यात गेली नाही, आणि देव कोणाचा यावर तिचं काही म्हणणं नाही.

आत गार होतं. जाड भिंती, उंच छत, रंगीत काचांतून आलेला उजेड. चार-पाच माणसं होती, लांब लांब बसलेली. एक जण डोळे मिटून प्रार्थना करत होता. एक मुलगी मात्र नुसती रडत होती. आवाज न करता. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं, आणि हे 'न बघणं' दुर्लक्ष नव्हतं. तिला तिथे रडायला जागा होती, एवढंच. लोकलच्या डब्यात रडलं तर सतरा जणी विचारतात, घरी रडलं तर कारण द्यावं लागतं. आमच्या घरी बाबा गेल्यावर पहिले तेरा दिवस एवढी माणसं होती की आईला रडायला बाथरूममध्ये जावं लागायचं. ते मला तेव्हा कळलं नव्हतं, त्या चर्चमध्ये बसल्यावर कळलं. कारण आईही रडत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

मी भिंतींवरच्या पाट्या वाचत फिरले. संगमरवराची एकाहून एक स्मारकं आहेत. गव्हर्नर जोनाथन डंकन यांचं एक आहे, १८११ मध्ये गेलेले. त्यांनी बनारस आणि काठियावाडात मुली मारायची चाल बंद पाडण्यासाठी खटपट केली, ते त्या दगडात कोरून ठेवलंय. पण मला लागली ती साध्या पाट्यांवरची वयं. बावीस, सव्वीस, एकतीस. कोणी तापाने, कोणी समुद्रात. त्या काळी मुंबईत आलेल्या इंग्रजाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, असं म्हणायचे. राज्य करायला आलेली ही पोरं. त्यांच्या आयांना विलायतेत पत्र पोचायला महिने लागत असतील. राग यायचा तो येतोच, पण पाटी वाचताना तो थोडा बाजूला होतो.

या चर्चची गोष्ट तर आपल्या कुठल्याही सरकारी कामासारखी आहे. जेराल्ड आँजिए या गव्हर्नराने १६७० च्या दशकात काम काढलं. पंधरा फूट भिंती उभ्या राहिल्या, तो १६७७ मध्ये सुरतेत वारला, आणि काम थांबलं ते जवळजवळ चाळीस वर्षं. चाळीस वर्षं नुसत्या भिंती! आमच्याकडच्या स्कायवॉकला नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी. मग रिचर्ड कॉब नावाचा एक पाद्री आला, त्याने वर्गणीसाठी लोकांचा पिच्छा पुरवला आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडलं. कॅथेड्रलचा दर्जा १८३७ मधला.

एक गोष्ट मात्र वाचली आणि मी थांबले. सुरुवातीच्या काळात या चर्चमध्ये बसायच्या जागा हुद्द्याप्रमाणे ठरलेल्या असायच्या. गव्हर्नर कुठे, कौन्सिलवाले कुठे. आणि त्यात एक वर्ग होता 'कनिष्ठ बायकां'चा. शब्दशः तसंच. तीनशे वर्षांनी मध्य रेल्वेवरच्या दोन बायका, एक विधवा आणि एक तिची लेक, ना ख्रिश्चन, ना साहेबाच्या घरच्या, मधल्या रांगेत जाऊन बसल्या आणि कोणी म्हटलं नाही, "बाई, तुमची जागा ती नाही." बसायची जागा कोणाला, हा प्रश्न किती जुना आहे ते बघा. तो सुटला असं मात्र समजू नका. फक्त पाटीवरची भाषा बदललीय.

त्यासाठी तुम्हाला आमच्या घराजवळच्या बागेत घेऊन जाते. नाव घेत नाही.

घरापासून सात मिनिटांवर बाग आहे. छान आहे, खोटं कशाला बोलू. जॉगिंग ट्रॅक, ओपन जिम, मुलांना घसरगुंडी, एक कमान, कमानीवर तीन फोटो. सकाळी सहा ते अकरा उघडी, संध्याकाळी चार ते नऊ उघडी. अकरा ते चार कुलूप. आतल्या बाकांना मधोमध लोखंडी दांडा लावलेला, कोणी आडवं पडू नये म्हणून. गेटवर नियमांची पाटी. मी मोजले, चौदा नियम. त्यातले अकरा 'नये'ने संपतात. खाऊ नये, झोपू नये, गवतावर बसू नये, 'अनावश्यक वेळ बसू नये'. या शेवटच्या नियमावर मी दोन मिनिटं विचार करत उभी होते. बागेत बसणं आवश्यक कधी असतं?

मे महिन्यात दुपारी एक वाजता त्या कुलूप लावलेल्या बागेच्या भिंतीला टेकून, फुटपाथवर, एक कुरिअरवाला बसलेला मी रोज बघते. भिंतीच्या आत दहा पावलांवर गुलमोहराची सावली. तो बाहेर उन्हात. त्या सावलीचा आत कोणाला उपयोग? कोणालाच नाही. आत एक वॉचमन असतो, तो बाकावर आडवा होऊ शकत नाही, कारण दांडा.

आपल्या बागा या अशा कोणासाठी आहेत? ज्याला सकाळी सहाला चालायला वेळ आहे आणि संध्याकाळी नातवाला खेळवायला वेळ आहे, त्याच्यासाठी. म्हणजे ज्याला दुपारी स्वतःचं घर आहे, त्याच्यासाठी. दुपारी ज्याला बसायला जागा लागते तो माणूस वेगळाच असतो. दोन घरची कामं संपवून तिसऱ्या घरची वेळ व्हायची वाट बघणारी बाई. हॉस्पिटलमध्ये पेशंट आणि 'एकच नातेवाईक आत'. शाळेत मुलाला सोडून तीन तासांनी न्यायचं म्हणून घरी न जाणारी आई. रिटायर्ड माणूस, ज्याच्या वन रूम किचनमध्ये सून दुपारी जरा पाठ टेकते आणि हा समंजसपणे बाहेर पडतो. (माझे बाबा शेवटची चार वर्षं हेच करायचे. ते स्टेशनवर, प्लॅटफॉर्म एकवर जाऊन बसायचे. पास होता म्हणून. आम्हाला वाटायचं मित्रांना भेटतात.)

हे मी इथे लिहिते आहे कारण गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा विषय निघाला होता आणि लोकांची उत्तरं अजून माझ्या डोक्यात आहेत. "दुपारी उघडी ठेवली तर जोडपी येऊन बसतात." बसू देत की! दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात, त्या पोरांनी कुठे बोलायचं? आपण सगळे आकाशातून पडून लग्नाला उभे राहिलो का? "गर्दुल्ले येतील." हे जरा गंभीर आहे, यावर हसू नये. पण गर्दुल्ले कुलपाला घाबरत नाहीत, भिंत त्यांना माहीत असते. ते घाबरतात माणसांना. जिथे डबा खाणारे शिपाई आणि शाळेच्या आया बसल्यात तिथे ते बसत नाहीत, रिकाम्या कोपऱ्यात बसतात. दुपारी बाग रिकामी करून आपणच त्यांना कोपरा देतो. "माळ्याने पाणी कधी घालायचं?" हा प्रश्न मला सगळ्यात प्रामाणिक वाटला. त्याला उत्तर आहे. एक दिवस ही बाजू, एक दिवस ती बाजू. आणि भर दुपारी झाडांना पाणी कोण घालतं हो?

खर्च वाढेल, हे कबूल. दुपारच्या पाळीचा एक माणूस जास्त लागेल. पण कमानीला, रंगीत दिव्यांना आणि त्या फोटोंना पैसे होतेच ना.

आणि हे काही परदेशातून आणलेलं खूळ नाही. आपल्याकडे गावाच्या वडाला पार असायचा. पारावर बसायला कारण लागत नसे. रस्त्याच्या कडेला पाणपोई, देवळाला सभामंडप, वाटसरूला धर्मशाळा. दुपारच्या उन्हात माणसाला टेकू द्यावं हे पुण्याचं काम मानलं जायचं. आज देवळांचे सभामंडपही दुपारी कुलपात असतात आणि रांगेसाठी रेलिंग लावलेली असते. दर्शन घ्या, पुढे चला. सेंट थॉमसमध्ये मला हेच नवल वाटलं. तिथे पुढे चला म्हणायला कोणी नव्हतं. हे मी चर्च मोठं आणि देऊळ छोटं म्हणून सांगत नाहीये, तसं कोणी कमेंटमध्ये सुरू करू नका, मी उत्तर देणार नाही. गर्दीचा फरक आहे, मला कळतं. पण माझ्या आजोळच्या देवळात दुपारी बायका गोधड्या शिवत बसायच्या. तिथे आता फरशी आहे, ग्रिल आहे आणि कुलूप आहे. गर्दी तिथे आजही नाही.

पावणेतीनला आम्ही चर्चमधून निघालो. दारातल्या पेटीत आईने दहाची नोट टाकली. वीर नरिमन रोडवर आलो तर पुन्हा तोच कल्लोळ. तीनला साहेब आले, सव्वातीनला सही झाली. परत येताना लोकलमध्ये आईला खिडकी मिळाली. भायखळ्याच्या पुढे ती म्हणाली, "तुझ्या बाबांना ती बाग दाखवायला हवी होती. ते तर फोर्टातच होते ना तीस वर्षं?" होते. त्यांनी ती बघितली असणारच. डबा कुठे खायचे ते आम्ही कधी विचारलं नाही.

त्यानंतर मी एक केलंय. घराजवळच्या बागेसाठी अर्ज लिहिलाय. मागण्या तीनच: दुपारी गेट उघडं ठेवा, बाकांचे दांडे काढा, आणि पिण्याच्या पाण्याचा नळ सुरू करा (नळ आहे, पाणी नाही). पाटीवरचा तो 'अनावश्यक वेळ'वाला नियम काढा असंही आधी लिहिलं होतं, मग खोडलं. दुपारी गेट उघडलं की तो नियम आपोआप हास्यास्पद होईल. अर्जावर आमच्या इमारतीतल्या एकवीस जणांच्या सह्या झाल्यात. सोसायटीच्या ग्रुपवर जे जोडप्यांबद्दल बोलले होते त्या काकांचीही आहे. त्यांच्या पत्नीचं डायलिसिस आहे, आठवड्यातून दोनदा चार चार तास ते त्या सेंटरच्या जिन्यात बसतात. "सेंटरच्या समोरच बाग आहे," म्हणाले, "पण बारा ते चार बंद."

माझी एक विनंती आहे. तुमच्या जवळच्या बागेच्या गेटवरची पाटी बघा, वेळ काय लिहिलीय ती, आणि खाली लिहा. बागेचं नाव नुसतं आणि दुपारची वेळ. जिथे दुपारी उघडी असते तिथलंही लिहा, म्हणजे पुढच्या वेळी कागद घेऊन कोणी त्या भागात गेलं तर त्याला कळेल. वसई, पनवेल, ठाणे, पुणे, कुठलीही चालेल. बुधवारी मी अर्ज द्यायला जाणार आहे, तोवर जेवढी यादी होईल तेवढी सोबत जोडते. उत्तर आलं की इथेच टाकेन.